लंडनचं घड्याळ

—नाही नाही, ते नको बेटा, ते दुबईचं, ते कंपनीचं आहे. तुझ्या अब्बांचं हे, डावीकडचं, ज्याच्याखाली ‘लंडन’ लिहिलंय ना, ते. थांब, तू चढू नकोस, चाकांची खुर्ची आहे, सरकते — मी काढतो. बस तू. एमान ना तू? ओळखलं मी, हमदुल्लाभाईच्या टेबलावर फोटो असायचा तुझा, शाळेच्या युनिफॉर्ममधला. आणि इंग्लिशमध्ये बोललीस तरी चालेल, आमचा वेदांगसुद्धा मराठीत विचारलं की इंग्लिशमध्येच उत्तर देतो. देऱ्यात मामूंकडेच राहतेस अजून? बरं केलंस. एवढ्या लांब जबल अलीला यायचं म्हणजे दोन तास गेले असतील तुझे — आणि बिलकीसभाभी मंडणगडलाच ना? ऑगस्टमध्ये कळलं मला, हमदुल्लाभाई वारल्याचं. हार्टचं कळलं. मी फोन करणार होतो भाभींना. करणारच होतो.

हे घड्याळ त्याने देऱ्यातूनच आणलेलं, माहितीये? पस्तीस दिरहॅम — आठशे रुपये झाले की. मी म्हटलं, अरे कंपनीकडून मागून घे, तर म्हणाला, दत्ताभाई, मागेपर्यंत एक सीझन जाईल. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, याच खुर्चीवर चढायचा आणि काटा तासभर पुढे-मागे फिरवायचा, लंडनवाले टाइम बदलतात म्हणून — मी खुर्ची धरायचो. आख्खं ऑफिस हसायचं. पण खरं सांगू का, हा प्रकारच डोक्याला ताप आहे. उजेड वाचवतात म्हणे! उजेड काय डब्यात भरून ठेवायचाय? तिकडे त्यांना संध्याकाळी बागेत बसायला तासभर जास्त मिळतो, मिळो बापडा, पण इथे उजेड हवाय कोणाला — इथे सावली वाचवा म्हणावं. आपलं घड्याळ कधी हलत नाही, ना इथलं, ना गावचं. हलवायचं त्यांनी आणि लक्षात ठेवायचं आपण. औषधांचा माल असतो आमचा, थंडीत ठेवायचा, त्याचे पेपर लंडनला त्यांच्या दोनच्या आत गेले नाहीत की विमान निघून जातं. हिवाळ्यात त्यांचे दोन म्हणजे आपले सहा, उन्हाळ्यात आपले पाच. एवढंच. एवढंच लक्षात ठेवायचं असतं.

काय? नाही, बंद नाही पडलेलं, चालू आहे. तो इथून गेल्यापासून हात कोणी लावला नाही. आख्खा उन्हाळा एक तास मागे होतं आणि परवा रविवारी तिकडे घड्याळ बदललं — झालं आपोआप बरोबर. काल सकाळी आलो, बघितलं, आणि मला — जाऊ दे.

आमची एक पद्धत होती बघ. दिवाळीची ड्युटी त्याची, ईदची माझी. नऊ वर्षं. कुठे लिहून ठेवलेलं नाही, एचआरला विचारायचं नाही, आपलं आपण. आणि यंदा काय झालं, गुढीपाडवा आणि ईद एकाच रविवारी, आणि लंडनचं घड्याळ पुढे तेही त्याच रविवारी. सोमवारची ड्युटी माझी होती. हो, माझी. पण आमचे सासरे-सासूबाई आलेले पुण्याहून, साधनाने रास अल खैमाला हॉटेल बुक केलेलं — मी त्याला म्हटलं, हमदुल्लाभाई, एवढा सोमवार तू कर. ईदचा दुसरा दिवस होता त्याचा. म्हणाला, इन्शाल्ला, काही नाही होत, तू जा.

असं नको बोलूस. नाही, असं मनातसुद्धा आणू नकोस बेटा. तुमच्यामुळे कशी जाईल त्याची नोकरी? तुम्ही डबा घेऊन आलात, खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून चौघं जेवलात, अर्धा-पाऊण तास — ईद होती, कोणी बापाला एकट्याला टाकेल ऑफिसात? तू म्हणालीस थांबा ना अब्बा अजून थोडं आणि ते थांबले — मग? सात महिने हे डोक्यात घेऊन फिरतेस? अगं, त्याला वाटत होतं तासभर वेळ आहे. त्याने आधी खात्री करून घेतली होती, तसा कामात ढिला माणूस नव्हता तो, म्हणाला बिलकीसने शीरखुर्मा पाठवलाय, पोरं खाली आलीयत, खाऊन घेतो मग पाठवतो पेपर —

कोणाला म्हणजे?

पाणी देऊ का तुला?

मला. मला म्हणाला. साडेचारला फोन आला त्याचा, मी तिकडे हॉटेलच्या स्विमिंग पूलच्या कडेला होतो, हातात ताट. म्हणाला, दत्ताभाई, भिंतीवर साडेबारा दिसतायत, त्यांनी टाइम बदलला की काय? बघून सांग जरा. मी बघितलं नाही. मोबाईल हातातच होता, दोन सेकंद लागले असते — मी म्हणालो, अरे नाही, पुढच्या रविवारी बदलतं, आपलं कटऑफ सहालाच, तू जेव आरामात. अर्धा तास होता तेव्हा त्याच्या हातात. पुरला असता.

मग चौकशी झाली. सगळा माल फेकावा लागलेला, कोणालातरी घालवायचं होतंच. शेजारी-शेजारी बसवलं आम्हाला. त्याला विचारलं, कोणाला विचारलं होतंस का? मी वाट बघत होतो, आता नाव घेईल, आता घेईल. तो म्हणाला, नाही सर, माझीच चूक. मग माझ्याकडे वळले. मी म्हणालो — मी म्हणालो, एवढं त्याला माहीत असायला हवं होतं.

खाली आल्यावर मला म्हणाला, वेदांगचं बारावीचं वर्ष आहे ना. तुझंही होतंच की. हे तो नाही म्हणाला. हे मी आत्ता म्हणतोय.

रडू नकोस. किंवा रड. माझ्याकडे असं बघू नकोस फक्त. हे घे, धर नीट, काच सैल आहे. भाभींना सांगायचं तर सांग, तुझी मर्जी. काटा फिरवू नकोस, आत्ता बरोबर आहे ते. लिफ्ट उजव्या हाताला.

जा बेटा. यल्ला, जा तू. मला पेपर पाठवायचेत लंडनला. सहापर्यंत. आज खरंच सहापर्यंत आहे.