साहेबांनी मोडलेला बोल्ट

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वर्कशॉपचे मोठे साहेब, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या वेल्डरबाई, त्यांचे यजमान, सूनबाई आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो, नमस्कार.

माझ्याआधी सात जण बोलले. बाई शांत, बाई वक्तशीर, बाई कधी उलट बोलल्या नाहीत. अहो, हे वर्णन भिंतीवरच्या घड्याळालाही लागू पडतं! एकतीस वर्षं बाईंनी काम काय केलं, हे एकानेही सांगितलं नाही. कसं सांगणार? कागदोपत्री त्या 'मदतनीस' आहेत. कोणाच्या मदतनीस, ते मी फिटर या नात्याने सांगतो.

चार वर्षांपूर्वी इस्पितळाची गाडी आली. धूर आत शिरत होता. ड्रायव्हर म्हणाला, "मागे बसलेल्या आजी खोकून बेजार झाल्या. उद्या सकाळी आठला किडनीचे चार पेशंट मशीनवर न्यायचेत. दुसरी गाडी नाही."

इंजिनाला धुराचा पाइप जिथे जोडतात तिथून धूर गळत होता; तो सांधा नीट करायला एक बोल्ट काढायचा होता. गंजलेला होता, म्हणून मी तेल सोडून तासभर थांबणार होतो. तेवढ्यात मोठे साहेब आले. कॉलेजात सुवर्णपदक मिळवलेल्या माणसाने तासभर थांबायचं? त्यांनी पान्याला हातभर पाइप लावला आणि अंगातला सगळा अधिकार त्यावर टाकला. कट्! डोकं हातात, धड इंजिनात.

साहेब काय म्हणाले असतील? "बोल्टच हलक्या प्रतीचा!" नाचता येईना, अंगण वाकडं. मग त्यांनी छिन्नी-हातोडा मागवला आणि तुकडा आणखी आत ठोकला. शेवटी हुकूम सुटला: "इंजिनाचं अख्खं हेडच बदला. तीन आठवडे लागतील."

"आणि पेशंट?" ड्रायव्हरने विचारलं.

"तो माझा विभाग नाही," म्हणाले. साहेब, आठवतंय ना? मान हलवू नका, फोटो काढताहेत.

बाई कोपऱ्यात फाटक जोडत होत्या. उठल्या, बॅटरी मारून भोकात बघितलं आणि म्हणाल्या, "फिटरभाऊ, साहेबांना जेवायला जाऊ द्या."

साहेब गेले. बाईंनी त्या तुकड्याच्या टोकावर वेल्डिंगचा थेंब चढवला. त्यावर दुसरा, मग तिसरा. आजूबाजूच्या आट्यांना धक्का नाही. टोक वर आलं, तसा त्यावर नट बसवून आतून जोडला. पहिला नट निखळला. बाईंचा चेहरा पडला नाही; माझा पडला. दुसरा नट जोडला, थोडा निवू दिला आणि गरम बोल्टाला मेणबत्ती टेकवली. मेण वितळून तेलासारखं आट्यांत झिरपलं.

मी पाना लावला. "जोर नको," त्या म्हणाल्या. "जरा पुढे, जरा मागे. रुसलेल्या पोराला उठवतो तसं." पाचव्या खेपेला तो कुरकुरला आणि सुटला. सकाळी आठला गाडी फाटकाबाहेर होती.

रिपोर्टात काय लिहिलं गेलं? 'साहेबांनी स्वतःच्या कौशल्याने तुटलेला बोल्ट काढला. मदतनीस: एक.' त्याचं प्रशस्तिपत्र साहेबांच्या केबिनमध्ये काचेत आहे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण त्या रिपोर्टाखाली साक्षीदार म्हणून कोणाची सही आहे? माझी. साहेबांना हसणाऱ्यांनी मलाही हसावं. मी मूग गिळून बसलो आणि चार वर्षं बाईंनी मला एका शब्दाने विचारलं नाही.

गेल्या महिन्यात वेल्डिंग शाळेने त्यांना शिकवायला बोलावलं. मग कळवलं, 'अनुभवाचा दाखला जोडा.' ऑफिसने काय दाखला दिला? 'झाडणे, उचलणे, धरणे.' वा रे ऑफिस!

म्हणून मी खरा रिपोर्ट आणि खरा दाखला लिहून आणलाय. माझी सही केली आहे. ड्रायव्हर तिसऱ्या रांगेत बसलाय, त्याचीही आहे. एक जागा रिकामी आहे. साहेब, पेन घ्या. वाचून घ्या, सावकाश, सभागृह थांबेल.

...हं, इथे. तारीखही घाला. शिक्का कारकूनबाईंनी आणलाय.

आभारी आहे, साहेब. आयोजकांचेही आभार; त्यांनी मला दोन मिनिटं दिली होती. वडीलधाऱ्यांसमोर जीभ सैल सुटली असेल तर माफी असावी.

बाई, उठा. हा दाखला तुमचा. शाळा सोमवारी दहाला उघडते.