अम्मीच्या नावाचं मत

(देवळाली प्रवरा. संध्याकाळचा ओटा. हलीमा आणि तिचा धाकटा भाऊ इलियास, नवा नगरसेवक.)

इलियास : उद्या कोर्टात एवढंच म्हणायचं, आपा. गर्दी हुती, मला दिसलं न्हाई.

हलीमा : गर्दी कुठली? भर दुपार होती. तुझी सासू एकटीच मतदानाला आली, हातात आपल्या अम्मीचं कार्ड.

इलियास : हळू बोला. पलीकडं मुक्ताबाई बसल्यात.

हलीमा : अम्मीला जाऊन आठ महिने झाले. यादीतून नाव काढायचा फॉर्म मी तुझ्याच हातात दिला होता.

इलियास : ऱ्हाऊन गेलं. पन तुमी माझ्या एजंट म्हणून तिथंच बूथवर बसला हुता की. तवा का न्हाई बोलला?

हलीमा : अधिकाऱ्यानं नाव वाचलं, मरियमबी कासम. इतक्या दिवसांनी कुणी मोठ्यानं घेतलं ते. मी नुसती ऐकत राहिले. यादीवर खूणसुद्धा केली. उद्या तेही सांगणार आहे.

इलियास : एका मतानं आलोय मी. पडलेला सूर्यभान केस टाकून टपूनच हाय. पद जाईल माझं.

हलीमा : जाईल.

इलियास : सख्ख्या भावाचं!

हलीमा : बायांना दारोदार कोण सांगत होतं? शरीयतमध्ये मत म्हणजे गवाही, ती दडवणं गुनाह?

इलियास : ते मतदानापुरतं, आपा.

हलीमा : गवाही देताना नातं बघत नाहीत, इलियास.

इलियास : शरीयत काढताय तर पुरी काढा. एकट्या बाईची गवाही अर्धीच धरत्यात.

हलीमा : अम्मीच्या नावाचं मत मशीननं अर्धं मोजलं का रे? ते बरं पुरं चाललं तुला.

इलियास : आपल्या मोहल्ल्याचा पहिला नगरसेवक हाय मी. लोक म्हनतील, बहिणीनंच पाडला.

हलीमा : म्हणू देत. नमाज चुकली तर अल्लाहकडे माफी मागता येते. माणसाचा हक्क मारला, तर त्या माणसाच्याच दारात जावं लागतं. तू जाशील सूर्यभानच्या दारात?

इलियास : (खजुरांची वाटी पुढे सरकवत) येळ झाली, आपा.

हलीमा : सोमवारचा रोजा आहे माझा. उद्याचं खोटं आज घोकत बसले, तर सोडू कुठल्या तोंडानं?

इलियास : नगरला कशा जानार?

हलीमा : आठच्या एसटीनं.

इलियास : फाट्यापतूर चालत जावं लागंल, गुडघे दुखत्यात तुमचे. साडेसातला तयार ऱ्हावा. गाडी आनतो.