मोठ्याने म्हणायचा नियम

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे वनखात्याचे साहेब, आजच्या सत्कारमूर्ती आमच्या वनसल्लागार बाई, खासगी वनमालक संघाचे सभासद, त्यांची घरची मंडळी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले बंधू-भगिनी, आपणा सर्वांना नमस्कार.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. घरून मात्र तीनच मंजूर झाली आहेत, आणि मंजूर करणारी व्यक्ती पहिल्या रांगेत घड्याळ लावून बसली आहे. तेव्हा बाईंनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत काय काय केलं ते इतर वक्त्यांनी सांगितलंच आहे, मी फक्त बारा एकरांबद्दल बोलतो.

वडिलांच्या माघारी आमच्या रानाच्या दोन वाटण्या झाल्या. सहा एकर मला, सहा धाकट्याला. पुढे वाटेवरून बिनसलं. वाट ती केवढी? एक गाडी जेमतेम जाईल एवढी. पण तेवढ्यावरून आम्ही सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोललो नाही. तो समोरून आला की मी झाडांकडे बघायचो. त्यामुळे झाडांचा माझा अभ्यास मात्र चांगला झाला.

चौदा वर्षांपूर्वी नवा कायदा येणार म्हणून कानावर आलं. खासगी रानातही सरसकट तोड चालणार नाही, ओढ्याकाठची झाडं राखावी लागतील, तोडाल तेवढं पुन्हा लावावं लागेल. झालं, आपलं रान आता आपलं राहत नाही अशी आवई उठली. कायदा वाचला होता का कुणी? मी तर त्याचं पहिलं पानही पाहिलं नव्हतं. कायदा पहिल्या तारखेपासून लागू होणार होता, म्हणून मी त्याआधीच्या सोमवारी लाकूडतोडीच्या ठेकेदाराला सांगून ठेवलं. सहाच्या सहा एकर साफ करायचे.

इथे बसलेल्या जाणत्या मंडळींना वेगळं सांगायला नको, पण पाहुण्यांसाठी सांगतो. माझा तुकडा वाऱ्याच्या अंगाला आहे. माझी झाडं गेली की धाकट्याची उंच झाडं उघड्यावर पडणार आणि पहिल्याच वादळात आडवी होणार. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, आतून थोडं बरंही वाटत होतं. आज हे बोलताना लाज वाटते आहे.

शनिवारी सकाळी बाई दारात हजर. चिखलाचे बूट बाहेर काढून आत आल्या. मी म्हटलं, "अडवायला आलात का?"

"अडवायचा अधिकार पहिल्या तारखेपासून. आज नुसती चहाला आलेय," त्या म्हणाल्या.

चहा पिता पिता त्यांनी सगळं समजावलं. रानाची योजना केली तर रोपं फुकट, वणवा अडवायची पट्टी काढायला मदत, टप्प्याटप्प्याने तोडून विकायचा परवाना, आणि सल्ला द्यायला माणूस. अट एकच, रान दहा एकरांच्या वर हवं.

"शेजारचं सहा एकर धरलं तर सहज बसतं," बाई म्हणाल्या.

"शेजारी माझा भाऊ आहे."

"मग तर सोपंच झालं."

मी कप खाली ठेवला, तेवढ्यात आतून आवाज आला, "बाई, अर्ज ठेवून जा. मी जाऊबाईंशी बोलते." आमच्या घरात कायदा कोण करतं, हे बाईंना तेव्हाच कळलं.

रविवारी मोजणीला दोघे भाऊ रानात उभे, मध्ये बाई. त्यांनी नियम सांगितला. एका मालकाने प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा. दुसऱ्या मालकाने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच वहीत लिहायचा. मी म्हटलं, "एकशे बारा." धाकटा म्हणाला, "एकशे बारा." अकरा वर्षांनंतर आम्ही एकमेकांशी बोललो ते हे असं. दुपारपर्यंत आम्ही नुसते आकडे बोलत होतो. मग एका झाडाला माझे हात पुरेनात. टेपचं टोक धरायला धाकटा पलीकडून आला आणि म्हणाला, "दादा, टेप तिरपी धरलीयस."

मी म्हटलं, "लहानपणापासून माझ्या चुकाच काढ तू."

तो हसला, मग मलाही आवरेना. बाई मात्र मान वर करून शेंडे बघत होत्या. संध्याकाळी मी ठेकेदाराला येऊ नकोस म्हणून कळवलं.

पुढे मी संघाचा चिटणीस झालो, तेव्हा नियमांची पुस्तिका आयुष्यात पहिल्यांदा वाचली. नमुन्यादाखल थोडा तुकडा मोजला तरी पुरतो, आणि तोही खात्याचा माणूस एकटा मोजू शकतो. मी बाईंना विचारलं, "तो मोठ्याने म्हणायचा नियम कोणत्या कलमात आहे हो?" त्या शांतपणे म्हणाल्या, "ते कलम नंतर रद्द झालं." साहेब, बाई आता निवृत्त झाल्या आहेत, कृपा करून चौकशी लावू नका.

गेल्या आठवड्यात बाईंनी कपाट आवरलं आणि आमची फाइल माझ्या हाती दिली. तिच्यात तळाशी एक चिठ्ठी होती. चुकून राहिली की मुद्दाम ठेवली, ते बाईच जाणोत. अक्षर धाकट्याचं. त्याची परवानगी न घेता वाचतो.

"माझ्या दादाने सोमवारी तोड ठरवली आहे. माझी झाडं पडली तर पडोत, मी पुन्हा लावीन. पण त्याची झाडं त्याने वडिलांबरोबर स्वतःच्या हातांनी लावली आहेत. तोड झाल्यावर त्याला फार लागेल, आणि तेव्हा मला त्याच्याजवळ जाऊन बसताही येणार नाही. कृपया कुणीतरी त्याच्याकडे जा. माझं नाव सांगू नका."

धाकटा तिसऱ्या रांगेत बसला आहे. सध्या तो स्वतःच्या चपलांकडे बघतो आहे.

बाई, त्या शनिवारी तुम्ही आलात, म्हणून आमचं रान उभं आहे आणि आम्ही दोघेही आहोत. तुमचे आभार कसे मानू ते मला खरंच कळत नाही. संघाने बोलायची संधी दिली, तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. माझी सगळ्यात मोठी चूक धाकट्याने चौदा वर्षांपूर्वीच पोटात घातली आहे, तुमच्या वाट्याला फार उरलेलं नाही. नमस्कार.