मिठाची पेटी

पेणच्या स्टँडवर हुमेरा रोह्याच्या एसटीची वाट बघत होती. शेजारी हाताला शाडू लागलेला एक मूर्तिकार बसला होता. त्याने आपल्या म्हाताऱ्या आईच्या मांडीवर लाकडी पेटी ठेवली. पेटीत जाडं मीठ आणि ते ओढायची वीतभर फावडी होती.

“आये, ओढून बघ.”

“तू कोण रे बाबा?”

“धनेश. तुझा धनेश.”

“आमचा धनेश लहान हाय. बांधावर झोपलाय.”

“बरं. ओढ तरी.”

म्हातारीने फावडी ओढली, तसं पेटीतून पाणी हलल्याचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज आला.

“ही तर आमची खाडी. कुठनं आणलीस?”

“मिठागरात जाऊन आवाज भरला. रोह्याच्या डॉक्टरांना दाखवायचीय. तुझ्यासारखं इसरतात, त्या सगळ्यांसाठी करायचीय.”

“हळू बोल. पोर उठंल.”

“लय त्रास देतो काय?”

“नाय रे. मिठानं माझे हात फुटतात ना, त्यावर फुंकर घालीत बसतो.”

एसटी लागली, तरी हुमेरा उठली नाही. धनेशने आईचा हात उचलला आणि त्यावर हलकेच फुंकर घातली.

“असंच,” म्हातारी म्हणाली. “अगदी असंच करतो.”