खिडकीतलं पाचवं बटण

सिंधुबाई : आणि हे लाल बटण कशाला? नवरीचं पातळ आहे का?

स्वप्नाली : आई, लाल म्हणजे जपून दाबायचं. त्यानं सगळी यादी पुसली जाते.

सिंधुबाई : मग ते ठेवलंसच कशाला? चुलीशेजारी रॉकेलची बाटली ठेवते का कुणी? काढ.

स्वप्नाली : काढलं. आता चारच राहिली. यादी बघा, पाळी लावा, निरोप पाठवा, बंद करा.

सिंधुबाई : काल तर तू काळ्या पडद्यावर पांढऱ्या मुंग्या सोडत होतीस. त्या कुठं गेल्या?

स्वप्नाली : मागेच आहेत. ती स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीनं लिहून दिलेली कामं. तिच्यावर ही खिडकी बसवली, एवढंच. एक टूल असतं. त्यात बटण ओढून आणायचं, नाव द्यायचं आणि ते दाबलं की कुठली स्क्रिप्ट चालायची ते सांगून ठेवायचं. तुम्हाला अक्षरही टाइप करायला नको.

सिंधुबाई : चौथी शिकलेय मी. अक्षरं येतात मला. इंग्रजीशी माझं बोलणं नाही, एवढंच.

स्वप्नाली : म्हणून तर सगळं मराठीत केलंय. सोमवारी मी बाळंतपणाला माहेरी खांडबाऱ्याला गेले की तीन महिने पस्तीस शेतकऱ्यांना पाण्याची पाळी तुम्हीच कळवायची.

सिंधुबाई : मीच कळवणार. उपसा सिंचनाची चेअरमन मी आहे. अंबालालभाऊजी टपून बसलेत, वहिनीला जमलं नाही की कॉम्प्युटर आपल्या ओट्यावर न्यायला. पंप त्यांच्या बांधाला, पाळीही त्यांच्या हातात. मग काय, तापी त्यांच्याच केळीत!

स्वप्नाली : मग करून बघा. ‘पाळी लावा’ दाबा. हं. आता ‘निरोप पाठवा’वर नुसता बाण न्या, दाबू नका—

सिंधुबाई : हे काय विचारतंय? ‘तुम्हाला खात्री आहे का?’

स्वप्नाली : दाबलंत पण?

सिंधुबाई : मला विचारतं, खात्री आहे का! बत्तीस वर्षं कारभार केला या घराचा. सासऱ्यांची छाती झाली नाही मला असं विचारायची. हो म्हणजे हो!

स्वप्नाली : आई! गेले. पस्तीसच्या पस्तीस निरोप गेले.

सिंधुबाई : जाऊ दे की. पहिल्या झटक्यात जमलं, ते बघ.

(सिंधुबाईंचा मोबाइल वाजतो. त्या स्पीकर लावतात; पलीकडून एक शेतकरी अहिराणीत बोलतो.)

हेमकांत : चेअरमनबाई, मी हेमकांत, शेवटला बांधना. मेसेज उना. मन्हा नंबर पस्तीसवा?

सिंधुबाई : कसा काय? तुन्हा तर पहिला शे.

हेमकांत : पहिला अंबालालआप्पा शेतस. त्या पंपकडे निंघनात बी.

सिंधुबाई : त्यास्ले थांबाड. सांग, चेअरमनबाईना हुकूम शे. ... ऐकलंस, स्वप्नाली? आपल्याकडे पाणी शेपटाकडून सुरू होतं. पंपापाशी सुरू केलं की शेवटच्या बांधाला नुसती ओल पोचते. ही रीत बसवायला दोन वर्षं भांडले मी, भाऊजींच्या घरचा चहा सोडला. तुझ्या खिडकीनं मिनिटात मोडली?

स्वप्नाली : स्क्रिप्टमध्ये बांधाप्रमाणेच होतं. खिडकीतल्या यादीनं आपणहून नावं अक्षरांप्रमाणे लावली. अंबालालकाका वर, हेमकांतभाऊ तळाला. माझंच लक्ष गेलं नाही, आई.

सिंधुबाई : आणि ती मला खात्री विचारते! मला नेहमीच खात्री असते. विचारायचं तर कामाचं विचार ना. ‘पहिलं पाणी हेमकांतला. पाठवू का?’ असं. नाव दिसलं असतं तर हात थांबला असता माझा.

स्वप्नाली : हे मला सुचायला हवं होतं. थांबा... यादी परत बांधाप्रमाणे लावली, आणि तिच्यात जे नाव पहिलं असेल, तेच तिथं दिसेल असं केलं. आता दुरुस्तीचा निरोप पाठवते. काय लिहू? तांत्रिक अडचण?

सिंधुबाई : ‘चूक झाली. जुनीच पाळी चालू. सिंधुबाई, चेअरमन.’

स्वप्नाली : तुमचं नाव? चूक तर माझी होती.

सिंधुबाई : तू सोमवारी गाडीत बसशील. खुर्चीवर मी बसणारे. लिही.

स्वप्नाली : लिहिलं. बघा, काय विचारतंय.

सिंधुबाई : ‘पहिलं पाणी... हेम... हेमकांतला. पाठवू का?’ आता कसं माणसासारखं बोललं. पाठव. आणि एक बटण वाढव.

स्वप्नाली : आता अजून? लाल तर काढायला लावलंत.

सिंधुबाई : त्याच जागी. ‘स्वप्नालीला विचारा.’ दाबलं की तुला निरोप आला पाहिजे. मग तू फोन लावायचा.

स्वप्नाली : फोन तर तुम्ही असाही लावू शकता की.

सिंधुबाई : असाच लावला तर विहीणबाई म्हणतील, सासूला सुनेवाचून करमत नाही. बटणाचा फोन कामाचा असतो.

स्वप्नाली : ... कोणता रंग देऊ?

सिंधुबाई : हिरवा. आणि त्याला काही विचारायला लावू नकोस. दाबलं की जाऊ दे.