वैनीला माणसं मिळाली नाय

मंडळी, ऊन चढलंय तरी तुमी आलात. वैशाखऱ्याहून आलात, शहापूरहून आलात, आमच्या किन्हवलीतल्या तर घरोघरच्या आलात. माझ्या थोरल्या वैनीसाठी आलात. मला भाषण येत नाय. मी टेम्पो चालवतो, वैनीचे नागलीचे पापड दुकानांत पोचवतो. पोचवायचो. बघा, इथंच जीभ अडखळली.

वैनी गेली ती चुलीपाशी. उकडीचं पातेलं एकटीनं उतरवत होती. दोघींचं काम ते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेल. पण मला विचाराल तर वैनी माणसं शोधून शोधून दमली आणि गेली.

तिचा पापड तुमी सगळ्यांनी खाल्लाय. आधी शहापूरची दुकानं होती, मग ठाण्याची आली. पहिली मोठी ऑर्डर आली तेव्हा वैनी हसली. म्हणाली, "भावजी, पण लाटणार कोण?"

लाटणार कोण? तिनं शहापूरच्या बाजारात बोर्ड लावला. पोरी आल्या. हुशार पोरी. वैनीनं त्यांना पीठ शिजवायला शिकवलं, उन्हाचा अंदाज शिकवला. हात बसला की पोरगी गेली. हायवेवरच्या गोदामात. तिथं न्यायला बस येते, गळ्यात कार्ड असतं, सोयरिकीच्या बोलण्यात "पोरगी कंपनीत हाय" असं सांगता येतं. पापड लाटते म्हणून कुणाचं लग्न जमलंय? पोरींना मी दोष देत नाय.

पण आपल्या बाया? खरा हात तर तुमचा. उन्हाळ्यात आपल्याकडं सावड असते. आज माझ्या घरचे पापड, उद्या तुझ्या घरचे. पैसे नाय, नुसता चहा आणि गप्पा. वैनीला वाटलं, ह्याच बायांना पगार द्यावा. सगळ्यांत आधी तिनं सावडीतच, सगळ्या बायांसमोर, माझ्या बायकोला विचारलं. होय संगीता, तुलाच. रडून घे, पण मी बोलणार. वैनी म्हणाली, "तुझ्यासारखं लाटणं गावात कुणाचं नाय. तू सगळ्यांवर मुख्य हो, पगार घे." संगीता लाटणं ठेवून उठली. "जावेकडं पगारावर राहू? मी काय तुमची मोलकरीण हाय?"

दुसऱ्या दिवशी एकही बाई आली नाय. पगाराचं नाव काढलं आणि सावडही मोडली.

मग वैनी एकेकीच्या दारात गेली. "पैसे नको तर नको, पयल्यासारख्या तशाच या गो." कुणी आलं? सांगा, कुणी आलं? तुमी तिला चहा दिलात आणि "बघू" म्हणून वाटेला लावलंत. घरी येऊन ती एकटीच लाटत बसायची. मी विचारलं की म्हणायची, "येतील रे. रागावल्यात जरा."

आणि दहाव्याला? दहाव्याला तुमी आलात. कुणी बोलवलं नव्हतं. तिच्याच चुलीपाशी ओळीनं बसलात आणि एवढ्या माणसांच्या भाकऱ्या थापल्यात. कुणी पीठ मळतंय, कुणी जाळ सारतंय, कुणाला काही सांगावं लागलं नाय. मी दारात उभा राहून बघत होतो. हेच तर ती मागत होती. एवढंच मागत होती.

काल ठाण्याहून फोन आला, माल कधी पाठवता? मी म्हणालो, आता नाय. कधीच नाय. तेव्हा पाया पडतो, "त्यांचं काम आपण पुढं नेऊ" असलं इथं कुणी बोलू नका. कोण नेणार? मला ते ऐकवणार नाय.

श्रद्धांजलीला उठा आता. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

वैनी, आज सगळ्या आल्यात. आज काम नाय.