एकात पाच आणि आमचा काळू

हात काढ! आधी हात काढ त्याच्यावरून!... हे मी भंगारवाल्याला नाही हं बोलले, तो बिचारा हातगाडी धरून कोपऱ्यात उभा. हे बोलले माझ्या पोटच्या पोराला, निलेशला, भांडुपच्या आमच्या गल्लीत, सगळ्यांच्या खिडक्या उघड्या असताना! आणि तो काय म्हणतो? "आई, हळू बोल, लोकं बघतायत." अरे बघू देत की! काल अख्ख्या हायवेने बघितलं, तेव्हा कुठे गेली होती तुझी लाज?

थांबा, तुम्हाला नीट सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी उगाच पेटली.

आमचा धंदा रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांचा. गाडी तुमची बसते, धावतो आम्ही. टेम्पोच्या मागे बोर्ड आहे, आमच्या ह्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेला... 'कुठेही बंद पडा, आम्ही येतो.' हे गेले, बोर्ड राहिला, आणि राहिला काळू. काळू म्हणजे हवा भरायचा कॉम्प्रेसर हो, डिझेलवरचा, हँडल मारून चालू होणारा. काळा, तेलकट, खोकतो, धूर सोडतो, पण हवा म्हणाल तर हत्तीला फुगवील मेला! त्याच्यावरच मी धंदा शिकले. शिकवलं कोणी? कोणी नाही! वेल्डिंगसुद्धा बघून बघून उचललं, डोळे सुजले, बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपले, दुसऱ्या दिवशी परत काच धरून हजर! आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारची सीट माझी. तिथे कोणी बसत नाही. सूनबाई पण नाही.

मग आली ती. एकात पाच!

निलेश नाचतच आला. "आई, वेल्डिंग हीच करणार, हवा हीच भरणार, जनरेटर हीच, बॅटरी चार्ज हीच करणार, आणि बंद गाडीला झटका देऊन चालू करणार तीपण हीच! एकात पाच! आता एक माणूस बास. तू घरी आराम कर." ऐकलंत? कौतुक मशीनचं, आणि बोलता बोलता मला टेम्पोतून उतरवली! आराम कर म्हणे! कसला आराम? भिंतीकडे बघत शेंगा सोलू? मी म्हटलं, आधी तिचं काम दाखव, मग बघू कोण उतरतंय ते.

दाखवलं ना! कालच दाखवलं!

मानखुर्दच्या पुढे, माहुलच्या रस्त्याला पाण्याचा टँकर, टायर बसलेला. ड्रायव्हर चंद्रप्रकाश, आमच्या मालवणकडचाच. खिळा काढला, भोक बुजवलं, राहिली फक्त हवा. निलेशने ऐटीत बटण दाबलं. स्क्रीन लागली. तिच्यावर निळं काहीतरी गोल फिरतंय... फिरतंय... फिरतंय... आणि गप! काळोख!

का? तर आदल्या दिवशी साहेबांनी तिची पूजा केली, नारळ फोडला, हार घातला, गल्लीतल्या पोराटोरांना बोलावून स्क्रीन दाखवली, आणि बंद करायला विसरले! बॅटरी रिकामी!

मी म्हटलं, "मग कर की चार्ज, ते पण करते ना ती?"

"आई, त्याला मशीन चालू पाहिजे."

"मग चालू कर."

"त्याला बॅटरी पाहिजे."

आता काय बोलायचं तुम्हीच सांगा! म्हणजे भूक लागली तरी जेवायचं नाही, कारण जेवायला आधी पोट भरलेलं पाहिजे! एकात पाच! मग ह्याने टेम्पोची बॅटरी तिला जोडली, तर तिने तीपण पिऊन टाकली. आता टेम्पो पण बसला! आणि टेम्पो नव्या जमान्याचा, धक्का मारून चालू होत नाही, केवढा तो मान! टँकरच्या बॅटरीचं व्होल्टेज दुप्पट, ती जोडली तर उरलंसुरलं जळणार.

मी सरळ टेम्पोत मागे काळूजवळ गेले. हँडल हलकं फिरावं म्हणून त्याची कळ दाबून धरली, चंद्रप्रकाशला म्हटलं, फिरव हँडल. तिसऱ्या फेरीला कळ सोडली... भक्, भक्, भक्, भकभकभक! टायर टणटणीत!

चंद्रप्रकाश म्हणतो, "मावशे, माका मुलुंडाक जावचाच आसा, तुमका सोडतंय. दोरी आसा मा?" होती. काळूच्या पायाशी गुंडाळलेली, ह्यांच्या वेळची. पुढे टँकर, मधे दोरी, मागे आम्ही, आणि आमच्या पाठीवर बोर्ड... 'कुठेही बंद पडा, आम्ही येतो!' घाटकोपरला एक रिक्षावाला शेजारी येऊन विचारतो, "मौसी, तुम्ही येता की तुम्हाला आणतात?" धरणीमाते, पोटात घे गं मला!

बरं, इथे तरी संपावं? आज सकाळी कंपनीचा इंजिनिअर आला अंधेरीहून, शौनक नावाचा, गोरागोमटा, बूट चकचकीत. मशीनला वायर लावली, लॅपटॉप बघितला आणि मला म्हणतो, "काकू, ॲक्च्युअली तो जुना कॉम्प्रेसर हादरे देतो ना, त्याने हिचा सेन्सर कन्फ्यूज होतो."

मी म्हटलं, "बाळा, ही आधी मेली, काळू नंतर हादरला!"

"काकू, सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय."

सिस्टीममध्ये! म्हणजे ज्याने लाज राखली तोच गुन्हेगार! तिरडीला खांदा देणाऱ्यालाच पकडा, ह्यानेच मारला! वर म्हणतो, शेजारी हा राहिला तर वॉरंटी गेली. झालं! शौनक गल्लीच्या तोंडापर्यंत पोचला नाही, तोवर निलेशने भंगारवाल्याला हाक मारली. तिथून हे भांडण...

मी काळूला कवटाळून बसले. साडीला तेल लागलं, लागू दे! निलेश हात जोडून उभा. "आई, मला हौस आहे का गं? वॉरंटी गेली आणि ही परत बसली तर धंदा बसेल. एवढ्या टेम्पोत कोणाकोणाला ठेवू मी?"

कोणाकोणाला. काळू तर एकटाच होता ना? मी टेम्पोत बघितलं. माझ्या सीटवर मशीनचा खोका ठेवलेला, आणि त्याला पट्टा लावलेला, पडू नये म्हणून.

मला कधी पट्टा लावला होता का हो कोणी?

मग नाही भांडले. काय भांडायचं, एकात पाचपुढे आम्ही एकात एक! उठले, काळूच्या पायाची दोरी सोडली, नीट गुंडाळली, सीटवर खोक्याच्या डोक्यावर ठेवली. भंगारवाल्याला म्हटलं, सावकाश उचल रे, तेल आहे आत अजून. आणि निलेशला म्हटलं:

"ने काळूला, पण ही दोरी इथेच राहू दे, झिला, पाच कामं करणारी आहे तुझ्याकडे, बंद पडलास तर ओढून घरी आणणारं आता कोणी उरलं नाही."